भोकाचा पैसा आणि कालनिर्णयचं पान

खामगाव म्हटलं की लोक चांदीचं बोलतात. आमच्या घरी लोखंड होतं, तेही मोडकं.

आजोबा, म्हणजे आबाजी, कापसाच्या जिनात फिटर. कापसासाठी 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, आणि त्या कापसावरच आमच्यासारखी घरं जगली. दिवाळीला लागलेला हंगाम उन्हाळ्यात थंडावला की आबाजींचे हात रिकामे. मग ओसरीवर चाकूंचा कारखाना लागे आणि सुट्टीत जमलेली आम्ही सात चुलत-आतेभावंडं त्यातले बिनपगारी कामगार.

चाकू घडीचा, अगदी साधा. कमान नाही, खटका नाही. पातं हॅक्सॉ ब्लेडचं, म्हणजे सगळे म्हणत तसं एक्सो ब्लेडचं. एका ब्लेडचे चाकू दोनच होत, कारण भोकं दोनच, दोन टोकांना. ते कडक पोलाद आमच्या हातड्रिलला दाद देत नसे, म्हणून मधला तुकडा वाया. मूठ बाभळीची, करवतीने चीर पाडलेली. तेवढं आबाजी करत. बारीकसारीक आमच्याकडे: वायसर आणि रिबिटा.

वायसर फुटक्या स्टोव्हच्या पितळी टाकीचे. पत्रा शेगडीत लाल करून पाण्यात टाकायचा. पोलाद असं केलं तर कडक होतं, पितळ मऊ पडतं. आधी भोक पाडायचं, मग त्याच्याभोवती कात्रीने गोल कापायचा. उलट केलं की भोक हमखास कडेला जाई. कापलेल्या चकत्या वाकड्यातिकड्याच असत. त्या वीस-पंचवीस एका स्क्रूवर ओवायच्या, वरून नट आवळायचा आणि सगळ्यांवर मिळून एकदम कानस फिरवायची. नट सोडला की तळहातावर सगळ्या सारख्या गोल! त्या क्षणासाठी आम्ही भांडायचो.

धाकट्या आतेभावाने एकदा शक्कल लढवली. आजीच्या गाठोड्यात 1943 ते 1947 मधले भोकाचे पैसे होते. तयार वायसरच की! पण ते भोक एवढं मोठं की आमची रिबीट डोक्यासकट आरपार. बैलगाडीच्या बोल्टाला चालले असते. आजीने सगळे मोजून परत घेतले.

रिबीट म्हणजे आच देऊन मऊ केलेला खिळा. दोन्ही वायसरांमधून काढून जेमतेम वर राहील एवढा ठेवून कापायचा आणि हलक्या हातोडीने कडेकडेने, गोल फिरत, त्याचं डोकं फुलवायचं. जोर केला की बाभूळ उलते. "हानू नोको बे, गोंजार त्याले," आबाजी ओरडत. जास्त घट्ट झालं तर पातं हलत नाही, म्हणून पात्याच्या दोन्ही अंगांना कागदाच्या पट्ट्या ठेवून ठोकायचं आणि नंतर त्या ओढून काढायच्या. तेवढीच फट. वर्तमानपत्र पातळ पडे. 1973 ला कालनिर्णय निघालं, पुढे ते आमच्या भिंतीवर आलं आणि आबाजींना मनासारखा कागद मिळाला. काकूचा दुधाचा हिशेब नेमका त्याच चौकटींत! एप्रिल चाकूंत गेला त्या वर्षी गवळ्याला दोनदा पैसे दिले, असं ती अजून ऐकवते.

थोरल्या दादाला सिनेमातल्यासारखा खटक्याचा रामपुरी हवा होता. "आपल्याले कैरी कापाची हाय, मानूस नाही," एवढ्यावर तो विषय संपला.

तपासणी अशी: पातं आडवं धरायचं. मूठ आपल्या वजनाने खाली आली, चाकू नापास. नखाने उघडला नाही, तरी नापास. माझी एक ढिली रिबीट त्यांच्या नजरेतून सुटली आणि कैरी कापताना पातं माझ्याच बोटावर मिटलं. आबाजींनी हळद दाबली, चिंधी बांधली आणि त्याच दुपारी ती रिबीट कापून मला नवी बसवायला लावली.

निम्मे चाकू नात्यात वाटले जात. उरलेले आश्विनात देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेतल्या एका दुकानदाराकडे.

तुमच्याकडे असा एखादा बाभळीच्या मुठीचा चाकू असेल आणि जाम झाला असेल, तर खोबरेल घालू नका. थंडीत थिजतं. शिलाई मशीनचं तेल घ्या, रिबिटेपाशी दोन थेंब, आणि रात्रभर उघडा ठेवा. आत कागद अडकलेला दिसला तर तो एप्रिल आहे का, तेवढं कळवा. काकूला गवळ्याशी बोलायचं आहे.