चंद्र एकच, फोटो दोन

पौर्णिमेला गच्चीवर जाऊन मोबाईलवर चंद्राचा फोटो काढावा आणि हाती नुसता पांढरा ठिपका यावा, हा अनुभव घरोघरचा आहे.

आपल्याकडे रात्र असली तरी दिसणाऱ्या चंद्रावर ऊन पडलेलं असतं. म्हणून पौर्णिमेच्या चंद्राला सेकंदाचा सव्वाशेवा भागही पुरतो. त्यात डाग स्वच्छ उमटतात, पण आकाश काळं आणि तारे गायब. ताऱ्यांसाठी कॅमेरा दहा-वीस सेकंद उघडा ठेवावा लागतो. तेवढा वेळ उजेड जमा होत राहतो, खात्यात रक्कम जमा व्हावी तसा. पण या खात्याला मर्यादा आहे. चंद्राची जागा क्षणात भरते, पुढची नोंदच होत नाही आणि डागांसकट सगळं पांढरं होतं. चांदणं म्हणजे चंद्रावरून परतलेलं ऊनच, त्यामुळे अशा फोटोत आकाश दिवसासारखं निळंही दिसतं. शिवाय दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. त्याहून जास्त वेळ लावला तर तो लांबट येतो.

हे सगळं मी समजून घेतलं ते सासूबाईंसाठी. वय 88, दोन वर्षं अंथरुणावर. बीजेची कोर पाहायची त्यांची सवय जन्माची. नातीने नाईट मोडवर फोटो काढून दाखवला, तर चंद्र जवळजवळ गोल! "ही बीज नव्हे. मी उठू शकत नाही म्हणून काहीही दाखवता का गं?" म्हणत त्यांनी तोंड फिरवलं. पोर रडवेली झाली.

फोटो खोटा नव्हता. कोरीच्या चंद्राच्या काळ्या भागावर पृथ्वीवरून परतलेला मंद उजेड पडतो. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं. कॅमेरा जास्त वेळ उघडा राहिला की तोही उजेड साठतो.

दुसऱ्या दिवशी नातीने दोन फोटो काढले, एक झटपट, एक सावकाश. सासूबाईंनी दोन्ही निरखले आणि म्हणाल्या, "म्हणजे उरलेला चंद्र तिथेच असतो तर!" मग नातीला जवळ बसवून घेतलं.

तुमच्याही घरी कुणी गच्चीवर जाऊ शकत नसेल, तर स्क्रीनवर चंद्रावर बोट दाबून धरा, उजेड कमी करा आणि नाईट मोड बंद ठेवा. कोर कोरीसारखीच येईल.