मधलं नाव

मराठी माणसाच्या नावाच्या मधोमध त्याचे वडील बसलेले असतात. शाळेच्या हजेरीपटावर, दहावीच्या गुणपत्रिकेवर, रेशनकार्डावर. घर दुभंगलं तरी हे नाव दुभंगत नाही. आजोळी ज्या माणसाचा विषय कुणी काढत नसे, त्याचं नाव मी प्रत्येक वहीवर लिहीत होते, आणि सुरेख अक्षरात लिहीत होते, कारण माझं अक्षर आईनं घडवलं होतं.

१ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं, असं राज्य सरकारनं ठरवलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी एका कोऱ्या कागदावर माझं नाव तसं लिहून पाहिलं. एका ओळीत दोघं शेजारी शेजारी. मला कळू लागल्यापासून ती दोघं इतक्या जवळ फारशी कधी आली नव्हती.

पुण्यात कुटुंब न्यायालय सुरू झालं ते १९८९ साली. आईबाबांच्या घटस्फोटाचं प्रकरण तिथं गेलं ते त्यानंतर काही वर्षांनी. आधी माझ्या ताब्यावरून ओढाताण झाली, मग तडजोड, मग दोघांचा मिळून अर्ज. हिंदू विवाह कायदा १९५५चा. परस्परसंमतीनं वेगळं होण्याची सोय त्यात १९७६ साली आली. अर्ज केल्यावर तेव्हा किमान सहा महिने थांबावंच लागे, म्हणजे माणसांना पुन्हा एकदा विचार करता येई. कायद्याचा हेतू चांगला आहे. पण घरात त्या सहा महिन्यांत मूलही असतं, आणि त्याला वाटत असतं की विचार बदलणं आपल्या वागण्यावर आहे. मी त्या काळात फार गुणी झाले होते. ताटात शीत टाकत नव्हते. दप्तर रात्रीच भरून ठेवत होते. पाहुण्यांनी ‘किती शहाणी आहे हो’ म्हटलं की मी आईच्या आणि बाबांच्या चेहऱ्याकडे आळीपाळीनं बघत असे. पुढं ते गुणीपण अंगाला चिकटून राहिलं. आजही कुणी शांत बसलं की मला आधी माझंच काही चुकलं का, ते तपासावंसं वाटतं.

त्याच कायद्याचं २६वं कलम म्हणतं की मुलांबाबतचा निर्णय शक्य तिथं त्यांच्या इच्छेला धरून व्हावा. म्हणून न्यायाधीशांनी मला आपल्या दालनात बोलावलं होतं. त्या फार मायेनं बोलल्या. शाळा कोणती, मैत्रिणी किती, आणि मग, कुणाजवळ राहायला आवडेल बाळा? प्रश्न इतका हळुवार होता की त्याचं वजन मला खूप उशिरा जाणवलं. बाहेर बाकावर दोघं दोन टोकांना बसली होती. आईनं डोळ्यांखाली पावडर लावली होती, तरी काळं दिसत होतं. जास्त दमलेली ती होती. मी तिचं नाव सांगितलं.

माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय पुढं असेच झाले. मला काय हवं याच्या आधी, समोर कोण जास्त दमलंय हे मला दिसतं. लोक याला समंजसपणा म्हणतात. मला त्या मुलीला जवळ घेऊन सांगावंसं वाटतं की तुझ्या आवडीचं काय ते तू बोललीच नाहीस ग.

मग माझी दोन घरं झाली, कराड आणि पुणे. स्वारगेटची एसटी, खंबाटकीचा घाट, मांडीवर पिशवी. कराडला आजीच्या हातचं कांदा-लसूण मसाल्याचं कालवण, पुण्यात गोड्या मसाल्याची आमटी. दोन्ही मला मनापासून आवडत, आणि एकीची तारीफ दुसऱ्या घरात कधी करायची नाही, हे मला कुणी न शिकवता आलं. पोचल्याबरोबर दोन्हीकडे एकच चौकशी. काय काय केलंस? कोण कोण आलं होतं? ‘काही नाही’ हे उत्तर मी इतकं घोटलं की ते खोटं वाटेनासं झालं. सुट्टीतली अर्धी मजा अशी एसटीतच उतरवून ठेवावी लागे. ज्यांच्यापाशी आठवणी बोलायच्या, ते अर्ध्याच आठवणींचे वाटेकरी. आईबाबा दोघंही वाईट नव्हते. दोघांनी माझ्या फिया भरल्या, तापात उशाशी जागले. त्यांचं एकमेकांशी जमलं नाही, एवढंच, आणि ते लांबवलं असतं तर मला बहुधा जास्त भोगावं लागलं असतं. वेगळं व्हायलाच नको होतं, असं मी कधी म्हणणार नाही.

अमेरिकेत ज्युडिथ वॉलरस्टीन यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यातल्या साठ कुटुंबांमधली १३१ मुलं अभ्यासायला घेतली आणि पुढं पंचवीस वर्षं त्यांचा माग ठेवला. २००० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांचं म्हणणं असं, की घटस्फोटाचा खरा भार मुलांवर येतो तो मोठेपणी, स्वतः कुणावर प्रेम करायची वेळ येते तेव्हा. त्यांचा नमुना लहान होता, अशी टीका झाली. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे चौदाशे कुटुंबं पाहिली आणि २००२ मध्ये सांगितलं की पंचाहत्तर ते ऐंशी टक्के मुलं पुढं ठीक उभी राहतात. मला दोघींचंही पटतं. मी ठीक उभी आहे. पण भांडण झाल्यावर माणसं एकमेकांना चहा विचारतात, हे मी लग्नानंतर नवऱ्याच्या घरी पहिल्यांदा पाहिलं. त्याआधी त्याचा आवाज जरा चढला की बँकेची पासबुकं कोणत्या कप्प्यात आहेत ते मी मनात आठवू लागे. किती वर्षं तो बिचारा माझी समजूत घालत राहिला.

लग्नाच्या वेळी घरात पुन्हा एकदा सगळं उसवलं होतं. देवक कोण बसवणार, कन्यादानाला पाटावर कोण? काका-काकू बसतील, असं आजीनं सुचवलं. रीत तशी आहेच. पत्रिकेवर दोन नावं एका ओळीत की दोन ओळींत, यावर फोन झाले. अखेर मी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. त्या लग्नाला तीन साक्षीदार लागतात. एक मैत्रीण, एक आई, एक बाबा. याआधी त्या दोघांच्या सह्या एका कागदावर पडल्या होत्या त्या घटस्फोटाच्या अर्जावर.

आता दोघं सत्तरी ओलांडून गेली आहेत, दोन गावांत, एकेकटी. दोन घरांची वीजबिलं, दोघांच्या गोळ्यांचे डबे, दोन डॉक्टर. इतर घरांत म्हातारा म्हातारीला औषधाची आठवण करून देतो. इथं ती आठवण माझ्या फोनमधून जाते. मूल लहान आहे तोवर कुणाकडे राहील, एवढ्यावर सगळे बोलतात. पण पुढं जन्मभर त्या दोन घरांमधली ये-जा त्या मुलाच्याच पायांनी होते, हे कोणत्याच तडजोडीच्या कागदावर नसतं.

गेल्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फोनवर बाबांनी विचारलं, “चालायला लागली का ती?” मी सगळं सांगितलं. वॉकर, रात्रीचं दुखणं, फिजिओथेरपीला तिनं केलेली कुरकुर. ते हसले. मलाही हसू आलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या गुडघ्याची तारीख आहे. त्याच आठवड्यात बाबांचं मोतीबिंदूचं ठरलं होतं, ते मी पुढं ढकलून घेतलं. त्यांनी स्वतःच सांगितलं, आधी तिचं होऊ दे.