हलक्या चाकाचा जड हिशेब

"हलकं आहे ना, मग महाग कसं?" चाकण-भोसरीच्या खरेदी विभागांत हा प्रश्न मला नेमानं विचारला जातो. विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. सळई, कास्टिंग, फोर्जिंग सगळं किलोच्या भावानं घेणाऱ्याला, वजन पाचव्या हिश्शावर आणून वर जास्त पैसे मागणारा इंजिनिअर संशयास्पदच वाटणार.

मी ग्राइंडिंग व्हीलच्या बॉडीचं डिझाइन करतो. क्रँकशाफ्टचे जर्नल घासणारं सीबीएनचं चाक घ्या : व्यास ४०० मिलिमीटर, जाडी २५. घासण्याचं काम करतो तो फक्त कडेचा चार-पाच मिलिमीटरचा थर. त्यातले कण क्युबिक बोरॉन नायट्राइडचे. हा पदार्थ जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी १९५७ साली पहिल्यांदा बनवला. कठीणपणात त्याच्या वर फक्त हिरा. पण स्टील घासताना हिरा तापला की त्यातला कार्बन लोखंडात जिरायला लागतो, म्हणून स्टीलला सीबीएन.

उरलेलं सगळं चाक म्हणजे नुसता आधार. जुन्या चाकांत असं नव्हतं. उरणजवळ मोरा इथं १९४१ साली ग्राइंडवेलचा कारखाना निघाला, त्या काळातलं चाक म्हणजे ॲल्युमिनाचे कण आणि मातीचा बाँड साच्यात दाबून भट्टीत भाजलेला अखंड दगड. त्यालाही हलकं करायचे, पण कूलंट आणि चिप्सना जागा मिळावी म्हणून. मिश्रणात नॅप्थलीन घालायचं, म्हणजे कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचाच माल. ते उडून गेलं की मागे छिद्रं राहतात. तो वास ज्यानं घेतला त्याला नॅप्थलीनच्या जागी आलेली अक्रोडाच्या टरफलांची पूड ही केवढी सुधारणा आहे ते सांगायला नको.

आपलं ४०० मिलिमीटरचं चाक पोलादी बॉडीचं केलं तर मधलं भोक न धरता पंचवीस किलो भरतं. ॲल्युमिनियमचं साडेआठ, कार्बन फायबरचं पाच. कडेचा वेग सेकंदाला १२५ मीटर, म्हणजे मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फेरे. पोलादी चाकात तेव्हा ९६ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक टनाची मोटार ताशी पन्नास किलोमीटरनं जाताना असते तेवढी. चाक फुटलं तर गार्डनं ती अडवायची. कार्बनच्या चाकात हाच आकडा १९. बेअरिंगवरचा भार कमी, चाक चढवायला क्रेन नको, वेग लवकर धरतं, हे फायदे कॅटलॉगमध्ये असतात आणि ते खरेही आहेत. माझ्या मते मुख्य कारण मात्र वेगळं आहे.

फिरताना चाक फुगतं. आपल्या चाकाची त्रिज्या सुमारे वीस मायक्रॉननं वाढते. पोलादाऐवजी ॲल्युमिनियम घेतलं, वजन तिसऱ्या हिश्शावर आलं, तर फुगणंही तितकंच कमी व्हावं असं वाटतं. होत नाही. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा, आणि ताठरपणाही तिसराच हिस्सा. भागाकार जवळपास तोच येतो. त्यात उष्णतेचा हिशेब तर उलटा बसतो. बॉडी दहा अंशांनी तापली तर पोलादी चाकाची त्रिज्या २४ मायक्रॉन वाढते, ॲल्युमिनियमची ४६. कार्बनची, तंतूंचे थर नीट रचले असतील तर, जेमतेम चार-पाच.

आता ड्रेसिंग आठवा, म्हणजे चाकाची कड खरवडून पुन्हा सारखी आणि धारदार करणं. एका पासला आपण दोन-तीन मायक्रॉन काढतो, कारण सीबीएनचा थर हाच चाकातला महागडा भाग. बॉडी चाळीस मायक्रॉन फुगलेली असताना ड्रेसर जुन्या मापावर आला की पहिल्याच पासला महिन्याचा माल खरवडून काढील. ध्वनीचा सेन्सर लावून पहिला स्पर्श ओळखता येतो, पण मुळात चाकच जागचं हललं नाही तर ते बरं. पैसे वजनाचे नाहीत, या स्थिरपणाचे आहेत.

कार्बन फुकट मात्र काही देत नाही. पाण्याच्या कूलंटमध्ये तो ॲल्युमिनियमला टेकला की ॲल्युमिनियम गंजून खाल्लं जातं, म्हणून मधल्या भोकात स्टेनलेसची रिंग आणि जिथं धातू टाळता येत नाही तिथं काचतंतूचा पडदा. सीबीएनचे कण धरणारा सिरॅमिकचा थर ठिसूळ, फुगणाऱ्या बॉडीवर अखंड कडं टिकणार नाही, तेव्हा त्याचे सेगमेंट पाडून इपॉक्सीनं चिकटवायचे. इथं बॅलन्सिंगवाल्याची परीक्षा. या वेगाला कडेवर जास्तीचा एक ग्रॅम गोंद राहिला तर तो जवळजवळ आठ किलोच्या जोरानं ओढतो, सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलून. पंचवीस किलोंच्या चाकाचा गुरुत्वमध्य त्या ग्रॅमनं आठ मायक्रॉन सरकतो, पाच किलोंच्या चाकाचा चाळीस. चाक जितकं हलकं तितकी चूक कमी माफ होते.

आणखी एक अडचण कागदावर येत नाही. भाजलेलं चाक लाकडी मुठीनं ठोकलं की खणखणतं, तडा असेल तर बद्द वाजतं. जुने ऑपरेटर याच परीक्षेवर वाढलेले. कार्बनचं चाक धडधाकट असूनही बद्दच वाजतं. कंपनं गिळण्याचा त्याचा जो गुण आम्ही चॅटर, म्हणजे घासतानाची थरथर, कमी होतो म्हणून मिरवतो, तोच ऑपरेटरच्या कानाला खोट वाटतो. त्याला मी समजावतो खरा, पण मनातून त्याचंच पटतं : जी वस्तू ठोकून तपासता येत नाही, तिच्यासाठी तुमची वेगचाचणी चोख हवी. म्हणून प्रत्येक चाक बंद पोलादी कोठीत ठरल्यापेक्षा जास्त वेगानं फिरवल्याशिवाय बाहेर जात नाही.

ज्यांच्या मशीनचा स्पिंडल सेकंदाला ४५ मीटरच्या वर चढत नाही, त्यांनी यातलं काही घेऊ नये. तिथं पांढऱ्या ॲल्युमिनाचं साधं चाक लावावं, वेळच्या वेळी ड्रेस करावं आणि वाचलेल्या पैशांत कूलंटचा फिल्टर बदलावा.