ऊन मागणारा कॅमेरा

आमचा आग्फा क्लिक थ्री मूळचा बडोद्याचा. वारणानगरात तो आला आबांच्या बोनसातून. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात माळावर उभारलेल्या साखर कारखान्यात आबा कामाला होते. एका चांगल्या हंगामानंतर त्यांनी तो हौसेनं घेतला. काळा, आटोपशीर, स्वभावानं सरळ. ऊन आणि ढग एवढीच दोन हवामानं त्याला कळत. १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो यायचे. पाठीवरच्या लाल खिडकीत आकडा दिसेपर्यंत बटण फिरवायचं, मगच पुढचा फोटो. घाई त्याला खपत नसे. जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्या त्यानं मनसोक्त पाहिल्या.

आबा आजारानं खचले, तेव्हा तो माझ्या हाती आला. सोप्यातला अंधार त्याला चालेना आणि आमच्याकडे फ्लॅश नव्हता. फार जवळ गेलं की चेहरा धूसर व्हायचा. म्हणून कोवळं ऊन पडलं की आम्ही आबांना धरून अंगणात आणायचो. ते म्हणायचे, “धुराडं दिसंल असं बसव की मला.” गळीत सुरू असायचं, हवेत मळीचा वास. मी मागं सरकून खटका दाबायचो.

हंगाम संपायच्या आत आबा गेले. रोल अर्धाच झाला होता. बाराव्यानंतर आई म्हणाली, “पुरा कर त्यो,” आणि स्वतःच आबांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. मग भाची, गोठ्यातली म्हैस, दारातला पाहुणा.

रोल कोल्हापुरात धुऊन आणला. आबा आणि आबांनंतरचे आम्ही, सगळे एकाच पट्टीवर. शटर संथ असल्यानं आबांचा थरथरता हात पुसट उमटला होता, नजर मात्र स्पष्ट. निगेटिव्ह ६ सेंटिमीटरची, ऐसपैस. भिंतीवरचा फोटो तिच्यावरूनच मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्यानं विचारलं, “हात नीट करून देऊ?” आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. हलतच हुता त्यांचा.”

त्या फोटोला हार घालताना आजही गळा दाटतो. पण या कॅमेऱ्याला ऊन लागायचं, म्हणून आबांच्या अखेरच्या कितीतरी सकाळी अख्खं घर अंगणात त्यांच्याभोवती जमायचं. आत अंथरुणाशी नुसते बसून राहिलो असतो, तर त्या सकाळी आमच्या वाट्याला आल्याच नसत्या. फोटोंइतकेच त्यांच्यासाठीही मी त्याचे उपकार मानतो.