पार्सलाने आलेले सुटे भाग

इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग दुकानातून घेताना नेमके काय घ्यायचे हे गिऱ्हाईक आणि दुकानदार मिळून ठरवतात. तेच भाग पार्सलाने मागवताना हे काम एकट्या गिऱ्हाइकाच्या अंगावर पडते, आणि हौशी कारागिराचे बरेचसे शिक्षण या एका बदलातून घडते, असे नवलाख उंबरे येथे राहून केलेल्या खरेदीच्या अनुभवावरून म्हणता येते. मावळ तालुक्यातील हे गाव तळेगाव दाभाडेच्या औद्योगिक क्षेत्राला लागून असून एकीकडे भातखाचरे आणि दुसरीकडे कारखान्यांची फाटके अशी त्याची आजची रचना आहे. त्या फाटकांच्या आत सर्किट बोर्डांवर चालणारी यंत्रे असंख्य असली, तरी फाटकाबाहेर एखादा ट्रान्झिस्टर सुटा विकत घ्यायचा म्हटले तर मोबाइल दुरुस्तीच्या किंवा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिनतवारी करण्यापलीकडे फारसा मार्ग नसतो. २०२२ साली वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर कारखाना तळेगावला होणार अशी चर्चा जोरात होती, सप्टेंबरमध्ये तो गुजरातेत जात असल्याचे जाहीर झाले आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले. या प्रकरणी तालुक्यात बरीच हळहळ व्यक्त झाली, परंतु हौशी कारागिराला त्याचे फारसे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते, कारण असे कारखाने किरकोळ विक्री करत नाहीत आणि तळेगावात घडलेली चिपसुद्धा नवलाख उंबऱ्यात आली असती ती कुरिअरच्या पिशवीतूनच.

पार्सलाला पर्याय अर्थात पुण्याचा. लोणावळा-पुणे लोकलने तळेगावहून शिवाजीनगर गाठावे आणि तेथून बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत जावे, हा या भागातील हौशी मंडळींचा जुना परिपाठ असून मुंबईत त्याच जातीची बाजारपेठ लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर आहे. अशा गल्लीत गिऱ्हाइकाने जुना जळका भाग काउंटरवर ठेवला की दुकानदार तो उलटसुलट करून पाहतो, ‘कशाला लावायचाय?’ एवढेच विचारतो आणि मागच्या खणातून तोच किंवा त्याच्या जागी चालणारा भाग काढून देतो. गिऱ्हाइकाला क्रमांक ठाऊक नसला तरी अडत नाही, कारण वर्षानुवर्षे हाताळून झालेले ज्ञान काउंटरच्या पलीकडे बसलेले असते. या व्यवहाराची एकच अडचण अशी की तीन-चार रुपयांच्या भागासाठी सबंध दिवस मोडतो.

घरबसल्या मागवण्याची पद्धतही नवी नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे पोस्टमनाच्या हाती पैसे दिल्यावरच पार्सल ताब्यात मिळण्याची व्यवस्था सुरू केली आणि १८८० साली मनीऑर्डर आली. पुस्तके, बियाणे, औषधे यांच्या बरोबरीने पुढे रेडिओचे किटही याच दोन वाटांनी गावोगाव गेले. दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या मासिकात छापलेली सर्किटे ही अनेकांची पहिली शाळा होती, आणि त्यांतील काही सर्किटांचे तयार किट मासिकाशी संलग्न ‘किट्स एन स्पेअर्स’ या संस्थेकडून मागवता येत असे. किट म्हणजे एका सर्किटाला लागणारे सर्व भाग, छापील बोर्ड आणि जोडणीचा कागद यांची एकत्र पिशवी. किट घेणाऱ्याला निवड करावी लागत नाही. ती आधीच कोणीतरी केलेली असते. म्हणून किटवरून सुट्या भागांकडे वळणे हीच हौशी माणसाच्या वाटचालीतील अवघड पायरी ठरते, आणि अमेरिकेतील ‘डिजी-की’ या बड्या पुरवठादाराचा इतिहासही याच पायरीवरून गेलेला आहे. रोनाल्ड स्टॉर्डाल यांनी हॅम रेडिओवाल्यांसाठी मोर्स संकेत पाठवणाऱ्या उपकरणाचे किट विकण्यापासून आरंभ केला आणि १९७२ साली मिनेसोटातील थीफ रिव्हर फॉल्स या लहानशा गावी सुट्या भागांची कंपनी उभी केली. ते गाव कोणत्याही महानगरापासून दूर आहे, ही गोष्ट नवलाख उंबऱ्याच्या रहिवाशाला थोडी सुखावणारी वाटल्यास त्यात नवल नाही. आता तर असा पुरवठादार पुणे जिल्ह्यातच आहे: ‘रोबू’ या नावाने विक्री करणारी मॅकफॉस ही कंपनी पुण्याची असून २०२३ साली ती शेअर बाजाराच्या लघुउद्योग विभागात नोंदवली गेली.

मागणी नोंदवताना खरी कसोटी लागते ती भागाच्या क्रमांकातील अखेरच्या अक्षरांवर. ‘एटीमेगा ३२८पी’ हा सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे स्वतःची स्मृती बाळगणारा आणि दिलेला प्रोग्रॅम चालवणारा छोटा संगणकच, ‘पीयू’ या अक्षरांनिशी मागवला तर २८ पायांचा आणि भोकांच्या बोर्डात बसणारा येतो. ‘एयू’ या अक्षरांनिशी मागवला तर ३२ पायांचा, नखाएवढा आणि बोर्डाच्या पृष्ठावर चिकटवण्याचा येतो, आणि ज्याच्याकडे साधी सोल्डरिंग गन आहे त्याला त्याचे पाय जोडता जोडता घाम फुटतो. ‘एलएम ३१७’ या व्होल्टेज नियामकाच्या बाबतीतही हेच आहे: ‘टी’ अक्षराचा भाग धातूच्या पाठीचा असून दीड अँपिअरपर्यंतचा भार घेऊ शकतो, तर ‘एल’ अक्षराचा दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखा असून त्याची मर्यादा शंभर मिलिअँपिअरची आहे. बीसी ५४७ या सर्वपरिचित ट्रान्झिस्टरपुढील ए, बी, सी ही अक्षरे त्याच्या प्रवर्धनाचा, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह किती पट हाकता येतो याचा, गट सांगतात. ‘ए’ गटात ही पट ११० ते २२०, तर ‘सी’ गटात ४२० ते ८०० असते. शिवाय त्याच्या जागी पीएन २२२२ वापरायचा झाल्यास दोघांचे बाह्यरूप एकच असूनही पायांचा क्रम नेमका उलटा आहे, हे चित्रावरून कळत नाही. ते कळते डेटाशीटवरून, म्हणजे उत्पादकाने त्या भागाविषयी प्रसिद्ध केलेल्या माहितीपत्रावरून. तपकीर गल्लीतील गिऱ्हाइकाला हे माहितीपत्रक जन्मात उघडावे लागत नाही, आणि पार्सलवाल्याला ते वाचल्याशिवाय मागणी नोंदवता येत नाही; प्रस्तुत लेखकाच्या मते या छंदात लाभलेले जे काही शास्त्र आहे ते पुस्तकांपेक्षा या रुक्ष पत्रकांतून अधिक आले आहे.

भाड्याचे गणित मात्र शास्त्राला न जुमानणारे असते. एका रोधकाची, म्हणजे बाजारात ज्याला रेझिस्टन्स म्हणतात त्याची, किंमत काही पैशांत मोजावी आणि तो घरी आणण्यास त्याच्या कित्येक पट भाडे भरावे, वर १८ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा, हे कोणालाही पटण्यासारखे नाही. म्हणून वाण्याच्या मासिक यादीप्रमाणे येथेही एक यादी भिंतीवर लटकत राहते आणि ती पुरेशी लांब झाल्यावरच मागणी जाते. मिळण्याचा किमान नग ठरलेला असल्याने दोन भाग हवे असता दहा घ्यावे लागतात, आणि उरलेल्या आठांमुळे पुढची कामे सुचतात. घरातील रोधकांच्या डब्या दहा, बारा, पंधरा, अठरा, बावीस या प्रमाणित मालिकेप्रमाणे भरलेल्या असल्या म्हणजे सर्किटाची आखणीही आपोआप त्या आकड्यांकडे झुकते, हा खरेदीने विचारावर टाकलेला एक परिणाम सहसा कोणी नोंदवत नाही.

पार्सल दारात येणे हा स्वतंत्र विषय आहे. गट क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या घरांना रस्त्याचे नाव नसते, कुरिअरचा मुलगा दिवसभर कारखान्यांच्या पाकिटांत गुंतलेला असतो, आणि ‘कंपनीच्या गेटपाशी या ना’ असा त्याचा फोन आला की कोणत्या कंपनीच्या हे विचारण्यातच निम्मे संभाषण संपते. पिशवी उघडल्यावर आत दोन रंगांच्या थैल्या निघतात: गुलाबी थैली घर्षणाने स्वतःवर वीज साठू देत नाही एवढेच, तर चंदेरी थैली बाहेरच्या स्थिर विद्युतभारापासून आतील आयसीचे रक्षण करते. प्रत्येक थैलीवरील चिठ्ठीत क्रमांक, नग आणि मूळ देश लिहिलेला असून मलेशिया, फिलिपिन्स, तैवान ही नावे त्यावर वारंवार भेटतात. आत कागदी पट्टीच्या कापलेल्या तुकड्यावर, पारदर्शक पापुद्र्याखाली, दोन मिलिमीटर लांबीचे चपटे रोधक एका ओळीत बसवलेले असतात. पापुद्रा झटक्याने सोलला की ते उडतात आणि शेणाने सारवलेल्या पडवीत असोत वा फरशीवर, पुन्हा सापडत नाहीत. काही आयसींच्या पिशवीत ओलावा दाखवणारा ठिपक्यांचा कागद आणि सिलिकाची पुडी असते, व पिशवीवर ओलाव्याच्या संवेदनशीलतेचा तिसरा स्तर छापलेला असल्यास त्याचा अर्थ असा की ती उघडल्यावर ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत १६८ तासांच्या आत भाग भट्टीतून जोडून व्हावा. मावळातील आषाढात ६० टक्के आर्द्रतेची अपेक्षा धरणे विनोदीच आहे; परंतु हाताने डाख देणाऱ्याने या मुदतीची फारशी धास्ती घेऊ नये, कारण भट्टीप्रमाणे सबंध भाग तापत नाही, फक्त त्याचे पाय तापतात. पावसाळ्याचा खरा उपद्रव निराळा आहे: उघड्या डबीतील भागांचे पाय काळवंडतात आणि डाख धरेनासे होतात.

परदेशातून थेट मागवण्याचा मार्ग पूर्वी स्वस्त होता आणि आता अडथळ्यांचा झाला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ४३ अ‍ॅपांत अलीएक्स्प्रेसचा समावेश होता, आणि परदेशी कुरिअरने मागवले तर ओळखीची कागदपत्रे, सीमाशुल्क आणि मालसुटकेची हाताळणी यांचा खर्च मूळ मालाच्या डोक्यावर बसतो. नकली मालाचा प्रश्न तर देशी-परदेशी दोन्हीकडे आहे. ‘डीएस १८बी२०’ हा तापमान मोजणारा सेन्सर याचे ठळक उदाहरण होय: अस्सल भाग उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान अर्ध्या अंशाच्या आत अचूक असतो आणि वेगळी वीजतार न देता संदेशाच्या तारेवरूनच वीज घेऊन चालू शकतो, तर त्याच्या अनेक नकलांवर छापील अक्षरे हुबेहूब असूनही त्या या दुसऱ्या पद्धतीत मूग गिळून बसतात. एका पुरवठादाराने असे सेन्सर बदलून देण्याची तयारी दाखवली ती परतीचे भाडे गिऱ्हाइकाने भरण्याच्या अटीवर, आणि ते भाडे सेन्सरांपेक्षा जास्त होते. २०२१ च्या चिपटंचाईत नकलांना आणखी ऊत आला, कारण अधिकृत विक्रेत्यांकडे कित्येक सूक्ष्मनियंत्रकांपुढे ५२ आठवड्यांची मुदत लिहिलेली दिसे.

दुकानदाराचे ज्ञान आणि पत्रकाचे ज्ञान यांची गाठ पडली ती पंपाच्या कामात. विहिरीवरील थ्री फेज पंप पाण्याची पातळी खाली गेल्यावर आपोआप बंद व्हावा, असे उपकरण बनवायचे होते आणि यादीत रिले, म्हणजे लहान वीजप्रवाहाने मोठा प्रवाह तोडणारा-जोडणारा चुंबकी स्विच, लिहिलेला होता. सर्वत्र मिळणाऱ्या निळ्या, घनाकार रिलेच्या पाठीवर १० अँपिअर आणि २५० व्होल्ट असे आकडे असतात. अँपिअरच्या आकड्याने समाधान होते, परंतु शेतातील स्टार्टरची कॉइल बहुधा दोन फेजांच्या मध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टांवर बसवलेली असते, आणि पत्रकातील व्होल्टची मर्यादा तेथे ओलांडली जाते. मागणी पाठवण्यापूर्वी हा विषय तळेगावातील मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात निघाला, तेव्हा तेथील कारागिराने पत्रक न पाहताच ‘स्टार्टरला तसला रिले चिकटतो’ असे सांगितले. संपर्काच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पेटती राहून ती एकमेकांना जुळून बसतात, असा त्याच्या म्हणण्याचा अर्थ होता. उपाय म्हणून त्याच दुकानातून २३० व्होल्ट कॉइलचा छोटा कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त व्होल्ट सोसणारा दणकट रिलेच, घेतला गेला, निळ्या रिलेने तो चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने स्टार्टर, अशी दोन टप्प्यांची मांडणी झाली, आणि पार्सलाच्या यादीत रिले तसाच राहिला.

त्या दुकानाशी पुढे देवघेव जमली. घरगुती टाकीच्या स्वयंचलित नियंत्रकांची बंद पडलेली कार्डे तेथे ढिगाने येत आणि कारागीर ती फेकून नवी बसवत असे. त्यांपैकी पुष्कळ कार्डांत वीज कमी करण्यासाठी ट्रान्सफॉर्मरऐवजी एक चौकोनी कपॅसिटर वापरलेला असतो, वर्षा-दोन वर्षांत त्याची क्षमता घटते आणि रिले ओढला न जाता नुसता थरथरतो. हा कपॅसिटर थेट मेन्सवर बसणारा असल्याने तो ‘एक्स २’ वर्गाचा आणि २७५ व्होल्ट एसीचाच घ्यावा लागतो, साधा ४०० व्होल्ट डीसीचा त्या जागी धोक्याचा ठरतो, आणि नेमका हा फरक त्या दुकानी ठाऊक नव्हता. आता नवलाख उंबऱ्यातील भिंतीवरच्या यादीत त्या दुकानासाठीही ०.४७ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लिहिले जातात, त्यामुळे भाड्याचा अर्धा वाटा दुकानदार उचलतो आणि यादी पूर्वीपेक्षा लवकर भरते.