रत्नागिरीत रत्नं मिळतात का?

परवा जेवणाच्या सुट्टीत एका नव्या सहकाऱ्याने विचारलं, "तुमच्या रत्नागिरीत खरंच रत्नांच्या खाणी आहेत का रे?" म्हटलं, नाहीत बाबा. हापूस आहे, मासळी आहे, नावाला साजेसा रत्नदुर्गही आहे. रत्नांची खाण मात्र एकही नाही.

पण रत्नांच्या खाणींचा राजा आमच्याकडे राहून गेलाय! ब्रह्मदेशचा थिबा राजा. त्याच्या राज्यात मोगोक नावाचं गाव होतं, उत्तमोत्तम माणकांसाठी जगप्रसिद्ध. मोठा खडा सापडला की तो राजाचा, असा तिथला कायदा. १८८५ साली इंग्रजांनी राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये थिबाला रत्नागिरीत आणून ठेवलं. मोगोकच्या खाणी इंग्रज कंपनीकडे गेल्या आणि इकडे राजाचे दागिने घरखर्चापायी एकेक करून विकले गेले. १९१६ मध्ये तो इथेच वारला. माणकं गेली, १९१० साली राहायला गेला तो जांभ्या दगडाचा राजवाडा तेवढा उरला.

जांभा म्हणजेच आमचा चिरा. रत्नागिरीत 'खाण' म्हटलं की चिरेखाण!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे शनिवारी आलेला बाबांचा फोन. "अरे, सड्यावरची जागा एक जण चिरेखाणीसाठी मागतोय. काय सांगू त्याला?"

त्या जागेत पिकत काहीच नाही. नुसता कातळ. पैसे आले तर घराचं छप्पर नीट होईल. मी लगेच मनात हिशोब मांडला... आणि मग मासा आठवला.

आमच्या कातळावर एक मासा कोरलेला आहे. गावात म्हणतात, पांडवांनी एका रात्रीत कोरला. पावसाचं पाणी त्याच्या खोबणीत साचलं की आम्ही त्यात कागदी होड्या सोडायचो. अशी चित्रं कोकणातल्या कितीतरी सड्यांवर आहेत. उक्षीचा हत्ती, कशेळीचा त्याहून मोठा हत्ती. हजारो वर्षांपूर्वीची आहेत म्हणे. २०२२ साली त्यातल्या काही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. आमचा मासा कुठल्याच यादीत नाही. चिरे कापायचं यंत्र फिरलं की अर्ध्या दिवसात त्याच्या भिंती होतील.

"नको म्हणून सांगा," मी म्हटलं.

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं. मग छपराचं काय करायचं?"

बरोबरच आहे त्यांचं. मासा ठेवायचा असेल तर छप्पर मी घालायला हवं. उद्या पुन्हा फोन करतो.