टबातलं पाणी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय थोडा लाजिरवाणा आहे, पण नातेवाईक मंडळींना तो अर्धामुर्धा कळलेलाच आहे, तर पूर्ण सांगून टाकतो.

2019 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकाकडे न्यू जर्सीला होतो. त्याच्या परसात गरम पाण्याचा टब. माझे गुडघे बघून म्हणाला, "बाबा, रोज पंधरा मिनिटं बसत जा." पाणी चाळीस अंशांच्या आत, खालून फवारे. सुख! सौ. मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "सगळ्यांनी एकाच पाण्यात बसायचं? आणि उद्या पुन्हा त्याच?"

आम्ही नाशिकची माणसं, डोक्यात गोदावरी. वाहत्या पाण्याचा हिशेब निराळा, साचलेल्याचा निराळा. त्र्यंबकला कुशावर्तातही शेवटी पाणी गाळायची यंत्रणा बसवावीच लागली.

लेक आणि सूनबाई चार दिवस बाहेरगावी गेले तेव्हा टब माझ्या ताब्यात आला. रोज तीन कामं. फिल्टर काढून नळीखाली धुवायचा (घड्याघड्यांच्या कापडाची ती गुंडाळी, अगदी भिंतीवरच्या कागदी पंख्यासारखी), कागदी पट्टी बुडवून रंग बघायचा, आणि लागेल तेवढं क्लोरीन टाकायचं.

फिल्टर मी इमानदारीत धुतला. पाणी आरशासारखं. क्लोरीन मात्र टाकलं नाही. आधीच पाण्याला उग्र वास येत होता, त्यात आणखी औषध कशाला? आठ वर्षांच्या नातीचे डोळे चुरचुरतील. पट्टीही बघितली नाही. पस्तीस वर्षं पोरांना "उत्तर तपासून बघा" सांगणारा मी!

तिसऱ्या दिवशी नातीच्या अंगावर लाल पुटकुळ्या उठल्या. पोहण्याच्या कपड्याखाली जास्त. सूनबाई फोनवर एकदम गप्प झाली. ती गप्प बसण्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी पाहताक्षणी विचारलं, "गरम टबात बसली होती का?" स्यूडोमोनास नावाचा जंतू. बहुतेक वेळा आपोआप बरं होतं, म्हणाले. मग मला समजावलं: फिल्टर मळ अडवतो, जंतू मारत नाही. गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतं आणि जंतूंना नेमकी तीच ऊब आवडते. आणि तो उग्र वास? क्लोरीन घामाशी, मळाशी झुंजून दमलं की येतो. म्हणजे क्लोरीन कमी पडल्याची खूण. मी ती बरोब्बर उलटी वाचली होती.

आठवड्यात पुटकुळ्या गेल्या. लेक रागावला नाही, फक्त टब रिकामा करून पुन्हा भरला. मी बादली घेऊन शेजारी उभा होतो, उगाचच.

नात आता मोठी झाली आहे. परवा व्हिडिओ कॉलवर मी माठात पाणी ओतताना तिला दिसलो. "आजोबा, पट्टी बघितलीत का?"

सौ. अजून हसतेय.